‘मी रस्त्याकडेच पाहून राहिलो होतो’: काचेवरचे आकडे आणि बेसा रोडवरची सायकल

या प्रकरणात कुणाला इजा झाली नाही आणि पोलिसांत नोंदही नाही. मे महिन्यातल्या एका रविवारी, दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात, नागपुरात मनीषनगरहून बेसाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका हॅचबॅकचा बंपर एका सायकलच्या कॅरिअरला लागला. सायकलवाले साठीच्या पुढचे गृहस्थ होते. सायकल आडवी झाली, पण ते पाय टेकवून उभे राहिले. आजूबाजूचे चार लोक जमले, थोडी बोलाचाली झाली, गाडीमालकांनी सायकलचं वाकलेलं चाक बदलून द्यायचं कबूल केलं आणि लोक पांगले.

गाडीमालक पन्नाशी ओलांडलेले, बुटीबोरीच्या एका कारखान्यात हिशेबाच्या कामाला. त्या कारखान्यातल्या चालकांसाठी मी अधूनमधून सुरक्षित ड्रायव्हिंगचं प्रशिक्षण घेतो. त्या ओळखीवर ते माझ्याकडे आले. तक्रार कुणाविरुद्धच नव्हती. एकच प्रश्न त्यांना सोडत नव्हता. ‘सर, माझी मान खाली गेलीच नाही. मोबाइल हातात नव्हता. मी रस्त्याकडेच पाहून राहिलो होतो. मग सायकल मला दिसली काऊन नाही?’

त्यांच्या गाडीत डॅशकॅम, म्हणजे समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा होता आणि दीड महिन्यापूर्वी बसवलेला एचयूडी, म्हणजे हेड-अप डिस्प्ले: वेगासारखे आकडे चालकाच्या नजरेसमोर काचेवर दाखवणारी वस्तू. या दोन वस्तूंमुळेच हे प्रकरण लिहिण्याजोगं झालं.

एचयूडी आला कसा

आधीच्या हिवाळ्यात ते समृद्धी महामार्गाने एका लग्नाला छत्रपती संभाजीनगरला गेले होते. तिथे कारसाठी ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. रस्ता सरळ, मोकळा, दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेला. अशा रस्त्यावर 120 चे 135 कधी होतात ते कळत नाही. परत आल्यावर मोबाइलवर ई-चलन आलं. त्यांची गाडी 2018 ची, म्हणजे 1 जुलै 2019 नंतरच्या गाड्यांना सक्तीची झालेली वेगाची बीप तिच्यात नाही. ही बीप 80 च्या वर थांबून थांबून वाजते आणि 120 ओलांडले की सतत.

त्यात चाळिशीचा चष्मा. लांबचं चांगलं दिसतं, पण मीटरवरचे आकडे धूसर. बायफोकल वापरून पाहिला, त्याने पायऱ्या उतरताना गरगरायला लागलं, म्हणून तो सुटला. शेजाऱ्यांकडे 2022 ची नवी बलेनो आली होती. तिच्यात स्टिअरिंगच्या पुढे एक छोटी पारदर्शक काच वर येते आणि तिच्यावर वेग दिसतो. ते पाहून यांनी सदरमधल्या एका कार डेकोरच्या दुकानातून बाहेरून लावायचा एचयूडी घेतला.

घेण्याचं कारण मला पूर्ण पटतं, आणि पुढचं सगळं वाचताना ते विसरू नये. मीटरकडे पाहायला मान खाली घालायची, धूसर आकडा लागेपर्यंत थांबायचं, मग नजर परत वर आणायची, यात दीड-दोन सेकंद सहज जातात. ताशी 100 च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जाते. समृद्धीवर हा हिशेब खरा आहे आणि चाळिशी लागलेल्या माणसाला काचेवरचा मोठा आकडा खरोखर उपयोगी पडतो.

दुकानात काय बसवलं गेलं

स्टिअरिंगखाली ओबीडीचा, म्हणजे गाडीची स्वतःची तपासणी करणाऱ्या यंत्रणेचा सोळा पिनांचा सॉकेट असतो. आपल्याकडे बीएस-4 (धुराच्या प्रदूषणाचं मानक) गाड्यांना 2013 पासून ओबीडी-2 लागू झालं, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत तो सापडतो. मेकॅनिक स्कॅनर लावतो तोच. त्यात केबल खोचली की एचयूडीला इंजिनच्या संगणकाकडून माहिती मिळू लागते: वेग, इंजिनचे फेरे, कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान. काही वस्तू फक्त जीपीएसवर चालतात. त्यांना उड्डाणपुलाखाली सिग्नल मिळेनासा होतो आणि वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाखाली त्यांचा आकडा अडकलेला मी स्वतः पाहिला आहे. यांची वस्तू ओबीडीची होती, त्यामुळे तो त्रास नव्हता.

दुकानदाराने ती डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या बरोबर पुढे दुहेरी टेपने चिकटवली आणि समोरच्या काचेवर आतून एक परावर्तक फिल्म लावली. ही फिल्म का लागते ते पाहण्यासारखं आहे. गाडीच्या काचेला आतला आणि बाहेरचा असे दोन पृष्ठभाग असतात. दोन्हींवरून प्रतिबिंब येतं आणि आकडा दुहेरी दिसतो. कंपनीतूनच काचेवर एचयूडी घेऊन येणाऱ्या गाड्यांत काचेच्या मधला थर किंचित पाचरीसारखा करून ही दोन प्रतिबिंबं एकावर एक आणतात. बाहेरून लावलेल्या वस्तूला ती सोय नाही, म्हणून फिल्म. फिल्मवर आकडा ठसठशीत दिसतो, पण काचेच्या तेवढ्या तुकड्यातून पलीकडचं, विशेषतः काळोखात, थोडं मंद दिसतं.

दुसरा फरक अंतराचा. कंपनीच्या एचयूडीत वक्र आरसे असतात आणि आकडा बोनेटच्या टोकापाशी, डोळ्यापासून दोन मीटर किंवा जास्त लांब तरंगल्यासारखा दिसतो. बाहेरून लावलेल्या साध्या वस्तूत आरसे नाहीत. ती काचेपासून जितकी अलीकडे, तितकाच पलीकडे आकडा, म्हणजे डोळ्यापासून जेमतेम मीटरभर. लांबच्या रस्त्यावर लागलेली नजर तिथे आणायची तर डोळ्याच्या भिंगाला काम करावं लागतं आणि पन्नाशीनंतर हे भिंग सावकाश हलतं. मान हलली नाही तरी नजर रस्त्यावरून निघून मीटरभरावर येते आणि तिला परत जायला वेळ लागतो.

तिसरी गोष्ट दुकानदाराने केली, किंवा केली नाही म्हणा. वस्तू डब्यातून जशी निघाली तशीच चालू ठेवली. मध्ये मोठा वेग, वर फेऱ्यांचा रंगीत पट्टा, खाली डावीकडे कूलंटचं तापमान, उजवीकडे बॅटरीचे व्होल्ट, मध्येच इंधनाचा वापर. शिवाय चार तास गाडी चालवली की कॉफीच्या कपाचं चित्र.

ट्रायल घेताना मीटर 60 दाखवत होता आणि एचयूडी 56. यात बिघाड काही नव्हता. मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधी दाखवू नये असा नियम असतो, म्हणून कंपन्या त्याला थोडा चढाच ठेवतात. पण दोन आकडे वेगळे पाहून गाडीमालक अस्वस्थ झाले, तेव्हा दुकानदाराने बटण दाबून एचयूडी मीटरशी जुळवून दिला. पहिले काही दिवस ते दोन्हीकडे पाहून ताळा करत होते, म्हणजे नजर पूर्वीपेक्षा जास्त वेळा खाली जात होती. हिशेबाचा माणूस, दोन खाती जुळली नाहीत तर झोप कशी येणार!

तापमानाचा घोर

माझ्या मते या प्रकरणाची खरी गोम इथे आहे, वेगाच्या आकड्यात नाही.

त्यांच्या गाडीच्या मीटरमध्ये तापमानाचा काटा नाही. अलीकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत नसतो. इंजिन थंड असताना निळा दिवा लागतो, फार तापलं तर लाल. मधल्या काळात काहीच दिसत नाही, कारण मधल्या काळात चालकाला काही करायचं नसतं. एचयूडीने मात्र त्यांना आयुष्यात पहिल्यांदा तो आकडा दाखवला, आणि दाखवला तो नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये.

ट्रॅफिकमध्ये एसी लावून उभी असलेली गाडी नव्वदच्या घरात असते. मग 96, 98, कधी 101. रेडिएटरचा पंखा सुरू होतो, आकडा उतरतो, पंखा बंद होतो, पुन्हा चढतो. निरोगी इंजिनचा हा रोजचा खेळ आहे. पण गाडीमालकांच्या मनात शाळेतलं शास्त्र पक्कं होतं: शंभरला पाणी उकळतं. कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं आणि झाकण बंद असल्याने आत दाब असतो, त्यामुळे ते 120 अंशांच्या वर गेल्याशिवाय उकळत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. घाट रोडवरच्या मेकॅनिककडे ते दोनदा जाऊन आले. त्याने झाकण उघडून पाहिलं, ‘काही नाही झालं भाऊ, मस्त आहे गाडी’ म्हणून पाठवलं. आकड्याचा अर्थ त्यानेही सांगितला नाही, यांनीही विचारला नाही.

त्या रविवारी दोघं नवरा-बायको सीताबर्डीहून लग्नाची खरेदी करून निघाले होते. पंचशील चौकापासून रहाटे कॉलनीपर्यंत गाडी रांगत होती. आकडा 99, 100, 101. अजनीच्या पुढे पुलावर चढल्यावर वारा लागला आणि तो उतरला. मनीषनगरला उतरल्यावर पुन्हा गर्दी, पुन्हा शंभर. बेसा रोडवर रस्ता जरा मोकळा झाला, तेव्हा त्यांनी वेग घेतला आणि, त्यांच्याच शब्दांत, ‘आता खाली येते का नाही ते पाहत होतो’.

डॅशकॅममध्ये काय दिसतं

चित्रफीत आम्ही तिघांनी, म्हणजे ते, वहिनी आणि मी, लॅपटॉपवर पाहिली. गाडीचा वेग ताशी 45 च्या आसपास. डिव्हायडरच्या फटीतून सायकल निघते. मागे रिफ्लेक्टर नाही, अंगात गडद शर्ट, त्या तुकड्यात रस्त्यावरचा दिवा बंद. सायकल हेडलाइटच्या उजेडात येते. साधारण एका सेकंदाने वहिनींचा आवाज येतो: ‘अहो, सायकल! सायकल!’ त्यानंतर ब्रेक. सायकल दिसू लागल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दोन सेकंदांहून थोडा जास्त वेळ गेला.

इथे न्यायाने बोललं पाहिजे. अचानक आडव्या आलेल्या गोष्टीला सावध चालकही ब्रेक लावेपर्यंत साधारण दीड सेकंद घेतो. यांचा जादा उशीर त्याहून पाऊणएक सेकंदाचा. 45 च्या वेगाने गाडी सेकंदाला साडेबारा मीटर जाते, म्हणजे हा उशीर नऊ-दहा मीटरचा झाला. तेवढे मीटर हाताशी असते तर बंपर लागला नसता. सायकलला दिवा असता तरी लागला नसता. दोन्ही खरं आहे.

मला महत्त्वाचं वाटलं ते वहिनींचं. समोरची काच एकच, अंधार एकच, सायकल एकच. त्यांना चालकाआधी दिसली. वहिनी गाडी चालवत नाहीत आणि रस्त्यावर त्यांचं खास लक्षही नव्हतं, मांडीवरच्या पिशव्या सांभाळत होत्या. फरक एवढाच की एचयूडीचा आकडा फक्त चालकाच्या जागेवरूनच दिसतो. कोन थोडा बदलला की तो नाहीसा होतो. बाजूच्या सीटवरून काच रिकामी होती. मी विचारलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘मला तर माहीतच नव्हतं हे त्याच्यात एवढं काय पाहून राहतात ते.’

नजर आणि लक्ष

विमानं चालवणाऱ्यांना ही गोष्ट जुनी आहे. हेड-अप डिस्प्ले मुळात लढाऊ विमानांतला. जनरल मोटर्सने तो 1988 मध्ये ओल्ड्समोबिलच्या गाडीत आणला, त्याच्याही आधी वैमानिकांवर अभ्यास सुरू झाले होते. नासाच्या 1980 च्या एका अभ्यासात सिम्युलेटरमध्ये विमान उतरवताना धावपट्टीवर दुसरं विमान आणून उभं केलं. एचयूडी वापरणाऱ्या आठपैकी दोन वैमानिकांना ते दिसलंच नाही. आकडे आणि धावपट्टी एकाच दिशेला होते, वैमानिक अनुभवी होते, डोळे उघडे होते. ते आकड्यांवर लक्ष लावून विमान सरळ रेषेत आणत होते आणि आकड्यांमागचं जग त्यांच्यासाठी पुसट झालं होतं.

दिशा एक असली म्हणजे लक्ष एक असतं असं नाही. एचयूडी विकणारा ‘नजर रस्त्यावरून हटत नाही’ म्हणतो, तेव्हा तो मानेबद्दल बोलत असतो. मान हलत नाही हे खरं आहे. उलट त्यात एक तोटाही आहे: मान खाली घातली की आपण रस्ता सोडला हे माणसाला कळतं, आणि त्या भानाने तो लवकर वर पाहतो. समोर पाहत असताना ते भान येत नाही. गाडीमालकांचा प्रश्न नेमका याच भानाच्या अभावातून आला होता.

त्यात आकडा जर काळजीचा असेल तर तो जास्तच धरून ठेवतो. वेगाचा आकडा पाहिला, कळला, सोडला. तापमानाचा आकडा उतरेपर्यंत पाहत बसावं लागतं, कारण प्रश्नाचं उत्तर एका नजरेत मिळत नाही.

याच शहरात याच्या उलट विचाराचं एक उदाहरण आहे. 2021 मध्ये नागपुरात आयरास्ते हा रस्तासुरक्षेचा प्रकल्प सुरू झाला. इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था (सीआरआरआय), महिंद्रा आणि नागपूर महानगरपालिका त्यात होते. शहर बसमध्ये कॅमेऱ्याची जी यंत्रं बसवली, ती एरवी गप्प असतात. पुढच्या वाहनाशी टक्कर होण्याची वेळ जवळ आली की दोन-अडीच सेकंद आधी आवाज देतात. चालकाने त्या यंत्राकडे पाहायचं नसतं, यंत्र रस्त्याकडे पाहतं. बाजारातला एचयूडी सतत बोलत असतो आणि रस्त्याबद्दल त्याला काहीच माहीत नसतं.

कायद्याचं थोडं

गाडीमालकांना भीती होती की एचयूडी बेकायदा आहे का. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने हातात धरून वापरायच्या संपर्क साधनांचा उल्लेख आला. एचयूडी हातात धरायचा नसतो. काचेवरच्या फिल्मचा मुद्दा वेगळा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत समोरच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असं आहे, आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर फिल्म चिकटवण्याला मनाई केल्यावर चौकाचौकांत ओरबाडून काढलेल्या फिल्म नागपूरकरांना आठवतील. नियमांत पुढे बदल झाले, तरी चालकाच्या नजरेसमोरच परावर्तक तुकडा असणं मला कायद्याआधी डोळ्यासाठीच नको वाटतं.

काय केलं

एचयूडी काढून फेकायचा सल्ला मी दिला नाही. वहिनींची मात्र तीच इच्छा होती. ‘ते पहिले काढून टाका’, त्या दोनदा म्हणाल्या.

आधी तापमान, व्होल्ट, इंधन, रंगीत पट्टा, सगळं बंद केलं. बटण कुठे आहे ते शोधायलाच वेळ गेला, कारण सोबतच्या कागदावरची अक्षरं मुंगीएवढी होती. पडद्यावर फक्त वेग राहिला. इशाऱ्याचा आवाज 115 वर लावला, बाकीचे आवाज बंद. जुळवलेला वेग पुन्हा जीपीएसशी ताडून खऱ्याच्या जवळ आणला आणि मीटर त्याच्यापेक्षा थोडा चढा दिसणारच, हे त्यांना कागदावर लिहून दिलं. हिशेबाच्या माणसाला लिहून दिलेलं चालतं.

मग जागा. दुकानदाराने तो जिथे लावला होता तिथे आकडा बोनेटच्या रेषेच्या जरा वर, नेमका त्या पट्ट्यात दिसत होता जिथे चाळीस-पन्नास फुटांवरची सायकल, कुत्रं किंवा लहान मूल दिसतं. तो खाली आणि किंचित उजवीकडे सरकवला, आकड्यामागे फक्त बोनेट येईल असा. उजेड आपोआप कमी-जास्त होण्याची सोय दिवेलागणीच्या वेळी गोंधळत होती, म्हणून रात्रीसाठी हाताने कमी ठेवला.

शेवटी शहरात तो लावायचाच नाही असं ठरलं. याबद्दल त्यांच्याशी माझी बरीच चर्चा झाली. रहाटे कॉलनीत किंवा बेसा रोडवर आपला वेग 38 आहे की 42, या प्रश्नाची चालकाला गरज नसते. तिथे प्रश्न असतो राँग साइडने कोण येतंय, ऑटोवाला कुठे थांबतोय, फटीतून कोण निघतंय, आणि यातल्या कशाचंही उत्तर काचेवर येत नाही. समृद्धीवर उलट आहे. तिथे अडथळे कमी, चूक वेगाचीच होते, आणि तिथे तो आकडा कामाचा आहे. म्हणून केबल एरवी काढलेली. शिवमडक्याला समृद्धीवर चढायच्या आधी गाडी बाजूला घेऊन लावायची. याचा आणखी एक फायदा मेकॅनिकने सांगितला: ओबीडीच्या सॉकेटला गाडी बंद असतानाही वीज असते, आणि स्वस्तातल्या काही वस्तू पूर्ण झोपत नाहीत, बॅटरी पितात.

चाळिशीचं काय, तर मीटरच्या अंतरालाही चालेल असा चष्मा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नीट करून घ्यायला सांगितलं. तो त्यांनी केला आहे आणि मीटर आता दिसतो म्हणतात. एचयूडी घ्यायचं निम्मं कारण त्यानेच गेलं. तापमानाची धास्ती मात्र लगेच गेली नाही. आकडा बंद केल्यावर आठवडाभर त्यांना गाडी जास्त तापते आहे असं वाटत होतं. घाट रोडच्या मेकॅनिकने मग पंखा किती अंशांना सुरू होतो ते स्कॅनर लावून, इंजिन चालू ठेवून, त्यांच्या डोळ्यांसमोर दाखवलं तेव्हा ते थांबलं.

सायकलवाल्या काकांना नवं चाक मिळालं. मागे लाल रिफ्लेक्टर आणि एक छोटा दिवाही गाडीमालकांनी बसवून दिला. दिवा दोन महिन्यांत चोरीला गेला असं नंतर कळलं.

सदरच्या दुकानात मी एकदा मुद्दाम जाऊन आलो. बसवताना फक्त वेग ठेवून बाकीचे आकडे बंद करून द्या, आणि वस्तू थोडी उजवीकडे लावा, एवढंच म्हटलं. दुकानदार भला माणूस आहे, चहा पाजला. म्हणाला, ‘सर, तुमचं बरोबर आहे, पण गिऱ्हाइकाने पैसे मोजले की त्याला सगळे दिवे जळताना पाहिजेत. एक आकडा दाखवला तर तो म्हणतो, हा पीस खराब आहे, दुसरा द्या.’